खाजनातली खारफुटी, पाणी आणि उपग्रहाची चित्रं

तुमचे प्रश्न दोन. गोव्यातल्या चोडण बेटाच्या खाजनात, म्हणजे नदीकाठी बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत, शेत किती उरलं आणि खारफुटी किती पसरली, हे फुकट मिळणाऱ्या उपग्रह-चित्रांवरून कळेल का? आणि कार्यशाळेत हिमालयातल्या बर्फासाठी शिकवलेलं सूत्र इथल्या पाण्याला चालेल का?

खारफुटीचं नक्की कळेल, फक्त महिना नीट निवडा. सप्टेंबरातलं भात आणि खारफुटी, दोन्ही एनडीव्हीआयमध्ये जवळपास सारखीच हिरवी. तो निर्देशांक हिरवेपणा मोजतो, झाड ओळखत नाही. एप्रिलमध्ये कापलेलं शेत सुकलेलं असतं आणि खारफुटी हिरवीगार. म्हणून सेंटिनेल-२ या उपग्रहाचं एप्रिलचं चित्र घ्या. बांधावरचे माड तेवढे हाताने वगळा. चित्राच्या एका ठिपक्यात मावणाऱ्या १० मीटरच्या चौकटीत माडांची रांगही खारफुटीसारखीच दिसते. वीस-तीस वर्षांपूर्वीची स्थिती हवी तर लँडसॅट उपग्रहांची चित्रं आहेत, पण त्यांची चौकट ३० मीटरची, अरुंद पट्टे त्यात हरवतात.

बर्फाचं सूत्र चालतं. हिरवा प्रकाश आणि लघुतरंग अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागायचं. बर्फ आणि पाणी दोन्हींचं उत्तर मोठं येतं. हिमालयात ती वेगळी करायला जवळचा अवरक्त पट्टा बघतात: त्यात बर्फ उजळ, पाणी काळं. गोव्यात तो प्रश्नच नाही.

इथला खरा प्रश्न भरती-ओहोटीचा, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात याचं मला वाईट वाटतं. सेंटिनेल-२ गोव्यावरून नेहमी सकाळी अकराच्या सुमारास जातो. भरती मात्र रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे पाच दिवसांनी येणाऱ्या पुढच्या चित्रात चार तासांचा फरक. एकात सगळं पाणी, दुसऱ्यात चिखल, आणि अहवालात लिहितात 'पाणथळ घटली'. प्रत्येक चित्राच्या तारखेपुढे भरतीच्या कोष्टकातली वेळ लिहून ठेवा.

याच फरकाचा उपयोगही होतो. मानस म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप; मानशीची दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात. त्यामुळे बांध आणि मानस धड असेल तर नदी चढली तरी आतलं पाणी फारसं हलत नाही. भरतीचं एक आणि ओहोटीचं एक चित्र शेजारी ठेवा. आतलं पाणीही नदीबरोबर वरखाली होत असेल तर बांध फुटला असेल किंवा दारं उघडी असतील. कापणीनंतर मासळीसाठी खारं पाणी मुद्दाम आत घेतात, म्हणून 'फुटलेला बांध' असा शिक्का मारण्याआधी तिथल्या शेतकऱ्यांना विचारा.

पावसाळ्यासाठी सेंटिनेल-१ चं रडार वापरा, ते ढगातून बघतं. संथ पाणी त्यात काळं दिसतं, वाऱ्याने लाटा उठल्या की उजळतं. दाट खारफुटीखालचं पाणी मात्र त्याच्या साडेपाच सेंटीमीटरच्या लहरींना सहसा सापडत नाही. त्यासाठी जुलै २०२५ मध्ये सुटलेल्या निसार उपग्रहाची सुमारे २४ सेंटीमीटरची लहर बरी, तिची चित्रं जरूर तपासा.