कोड भावाच्या फोनवर जातो

"मॅडम, खातं उघडत नाहीये, आणि मुलाखतीचं बोलावणं नेमकं त्यातच येऊन पडलेलं असणार." नोकरी शोधणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य हल्ली वरचेवर ऐकायला मिळतं. कोणी पासवर्ड विसरलेलं असतं, कोणाचा फोन हरवलेला असतो, कोणाचं खातं 'संशयास्पद हालचाल दिसली' म्हणून कंपनीनेच बंद करून ठेवलेलं असतं. हे सगळं सांगून झालं की आवाज जरा खाली येतो आणि खरा प्रश्न निघतो. एका ईमेलपायी झोप उडालीय, छातीत धडधडतं, घरच्यांवर खेकसतोय. माझं काही बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. पण या घबराटीत माणूस जे जे करतो, त्याने खातं आणखी पक्कं बंद होतं आणि अर्जही खोळंबतात. मागे माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका तरुणाबद्दल सांगते, म्हणजे लक्षात येईल. लिहायला त्याची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो तिशीतला, हिशेबाच्या कामातला. कंपनीने माणसं कमी केली, त्यात याची नोकरी गेली. मध्येच त्याने जुना फोन विकला. विकण्याआधी शहाण्यासारखं सगळं पुसून टाकलं. नव्या फोनवर ईमेल उघडायला गेला, तर पासवर्डनंतर सहा आकडी कोड मागितला गेला, आणि तो कोड देणारं ॲप होतं जुन्या फोनवर. हे कोड कुठून पाठवले जात नाहीत. फोनमध्ये साठवलेली एक गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून फोन स्वतःच ते तयार करतो, साधारण दर ३० सेकंदांनी नवा. बॅकअप ठेवलेला नसेल तर फोन पुसला की किल्लीही गेली. दुसरा मार्ग म्हणजे पर्यायी ईमेल. तो पत्ता कॉलेजात असताना काढलेला, त्यानंतर कधी न उघडलेला. अशी पडून राहिलेली खाती कंपन्या मिटवून टाकतात. गुगलचा नियम २ वर्षांचा आहे. तोही मार्ग बंद.

मग त्याने जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. आठवतील ते सगळे पासवर्ड टाकून पाहिले. स्वतःच्या लॅपटॉपवर जमेना म्हणून मित्राच्या लॅपटॉपवर, मग कोणाच्या तरी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. परिणाम उलटाच झाला. माणूस खरा की भामटा हे ओळखायला या यंत्रणा नेहमीचं उपकरण, नेहमीचं ठिकाण, नेहमीचं नेटवर्क बघतात. अनोळखी कॉम्प्युटरवरून धडाधड प्रयत्न होऊ लागले की त्यांच्या लेखी तो चोरच. शेवटी 'प्रयत्न फार झाले, नंतर या' असा संदेश आला आणि त्याचा धीर सुटला. त्या रात्री त्याने इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधला, फोन लावला, आणि पलीकडच्या गोड आवाजाने खातं उघडून देण्याचे पैसे मागितले. देणारच होता. बायकोने फोन हातातून काढून घेतला. अशा शोधात वर येणारे नंबर बऱ्याचदा ठगांचेच असतात. पैसे घेऊन बंद खातं 'आतून' उघडून देणारा कोणी खराखुरा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

पहिल्या बैठकीत तो बोलत होता आणि अंगठा फोनवर चालू होता. लॉगिनचं पान उघडायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं. मी त्याला थांबवलं नाही. एवढंच विचारलं, "समजा आत्ता खातं उघडलं. सगळ्यात आधी काय बघाल?"

त्याने क्षणाचाही विचार न करता एका कंपनीचं नाव घेतलं.

"त्या कंपनीतल्या कोणाशी बोलला होतात?"

"हो, एचआरच्या बाईंशी. फोनवर."

"म्हणजे नंबर आहे."

तो गप्प झाला. नंबर कॉल लिस्टमध्ये होता. इतके दिवस त्याच्या डोक्यात अर्ज, मुलाखत, नोकरी सगळं त्या बंद खात्यात होतं. प्रत्यक्षात अर्ज कंपनीकडे पोचलेला होता, आणि कंपनीत फोन उचलणारी माणसं होती. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवणं हे अशा वेळी माझं पहिलं काम. खातं परत मिळवायला त्याचा वेळ लागेल, कदाचित मिळणारही नाही. अर्जांचं काम त्याच्यावाचून आजच सुरू होऊ शकतं.

तर अडचण ही की अर्ज कुठे कुठे केले तेच त्याला आठवेना. पोच आलेले सगळे ईमेल आत अडकलेले. मी म्हटलं, बायोडेटा कुठे ठेवता? लॅपटॉपवरचं फोल्डर उघडलं, तर प्रत्येक कंपनीसाठी थोडा फेरफार करून ठेवलेली वेगळी फाइल, नावात कंपनीचं नाव, शेजारी तारीख. सगळी यादी तिथेच होती! उरलेलं ब्राउझरच्या हिस्टरीत आणि जॉब साइटच्या एसएमएसमध्ये सापडलं. यादी कागदावर उतरवताना त्याचे खांदे खाली आलेले मला दिसले. माझ्या कुठल्याही समजावण्याने ते झालं नसतं.

पुढच्या वेळी त्याने कंपन्यांना पाठवायचा मजकूर लिहून आणला. पानभर होता. सुरुवात 'मी अत्यंत दिलगीर आहे' अशी, मध्ये फोन विकल्याची कथा, आणि शेवटी 'माझ्या या निष्काळजीपणाचा कृपया माझ्या पात्रतेशी संबंध लावू नये'. ज्याच्या मनात तो संबंध आलाच नसता, त्याच्याही मनात यायचा. आम्ही बसून तो कापत कापत इथवर आणला: 'मी अमुक पदासाठी अमुक तारखेला, अमुक ईमेलवरून अर्ज केला आहे. तो ईमेल सध्या मला उघडता येत नाही. कृपया यापुढे या पत्त्यावर किंवा खालील फोनवर संपर्क साधावा. बायोडेटा पुन्हा जोडत आहे.' बस.

यात जुना पत्ता लिहायलाच हवा. बऱ्याच कंपन्यांच्या यंत्रणेत उमेदवाराची ओळख म्हणजे त्याचा ईमेल असतो, त्यामुळे नव्या पत्त्यावरून नुसताच पुन्हा अर्ज टाकला की एकाच माणसाचे दोन अर्ज दिसतात आणि गोंधळ वाढतो. अर्ज क्रमांक असेल तर तोही द्यावा. आणखी एक गोष्ट. 'माझा ईमेल बदलला' असं कळवणारे ठगही असतात, त्यामुळे समोरच्याने शंका घेतली तर तो अपमान समजू नये. कंपनीच्या अधिकृत नंबरवर स्वतः फोन करून दोन वाक्यांत सांगितलं की शंका फिटते. त्याने फोन केला तेव्हा एचआरच्या बाई म्हणाल्या, "बरं, नवा लिहून घेते," आणि पुढच्या कामाचं बोलू लागल्या. एवढंच. तो मला हे सांगताना जरा वैतागलेलाच होता, इतक्या दिवसांच्या घालमेलीनंतर समोरून एवढंसंच उत्तर यावं म्हणून.

घालमेल मात्र लगेच गेली नाही. रात्री उठून पासवर्ड टाकून बघणं चालूच होतं. याचं कारण निव्वळ खात्यात शोधू नये. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या वस्तीचा अभ्यास केला होता. तिथली कापडगिरणी बंद पडून जवळजवळ सगळं गाव बेकार झालेलं. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एक निरीक्षण आहे. हाती वेळच वेळ असूनही लोकांचा दिवस विस्कटला, चालही मंदावली. पगाराबरोबर नोकरी दिवसाला आकार देत असते, आणि ती गेली की तो आकारही जातो. माझ्याकडे येणाऱ्या बेकार मंडळींत त्या रिकाम्या दिवसाला इनबॉक्स हाच खांब झालेला दिसतो. सकाळी उठून तो बघायचा, दुपारी बघायचा, झोपताना बघायचा. तोच काढून घेतला गेला तर माणूस सैरभैर होणारच.

म्हणून त्याला मी वेळ बांधून दिली. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली काळजी करणाऱ्यांसाठी एक पद्धत मांडली: काळजीसाठी रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास ठेवायचा, आणि इतर वेळी काळजी मनात आली की 'तेव्हा बघू' म्हणून ती त्या अर्ध्या तासावर ढकलायची. ऐकायला पोरकट वाटतं. करून बघितल्यावर बऱ्याच जणांना उपयोग होतो, सगळ्यांना नाही. त्याने संध्याकाळचा अर्धा तास घेतला. त्या वेळात खात्याच्या परतीचा फॉर्म, तोही फक्त घरच्या लॅपटॉपवरून, जिथून तो एरवी लॉगिन करायचा. बाकी दिवस अर्जांचा. पहिले काही दिवस त्याने नियम मोडला. मग मोडणं कमी झालं.

आणि मग एका बैठकीत, निघता निघता, दाराशी उभं राहून तो म्हणाला, "तसा आणखी एक पर्याय दाखवतात. शेवटी ७४ असलेल्या नंबरवर कोड पाठवू का, असं विचारतात."

"मग?"

"तो दादाचा नंबर आहे."

खातं काढलं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून थोरल्या भावाचा नंबर दिलेला. तो कधी बदललाच नाही. भावाने ही कंपनी धरू नकोस म्हणून आधीच बजावलं होतं, त्यावरून वाजलं होतं, आणि नोकरी गेल्याचं याने भावाला कळवलंच नव्हतं. कोड मागायचा म्हणजे आधी ते सांगावं लागणार. मित्राचे लॅपटॉप, परके कॉम्प्युटर, पैसे मागणारा ठग, हे सगळं करायला तो तयार होता ते एवढ्यासाठी. किल्ली घरातच होती.

अशा ठिकाणी समुपदेशकाला मोह होतो की भावाभावांचं जुळवून द्यावं. मी त्यात पडले नाही. तो त्यासाठी आलेला नव्हता. मी एवढंच विचारलं, की भावाला कळलं तर नेमकं काय होईल असं वाटतं? "म्हणेल, मी सांगितलं होतं." बरं, म्हणाला. पुढे? पुढचं त्याच्याकडे काही नव्हतं. तो एक टोमणा सोसण्याची तयारी आहे का आणि त्याच्या बदल्यात खातं हवंय का, हा हिशेब त्याने करायचा होता, आणि हिशेब हे तर त्याचं कामच.

त्याने मधला रस्ता काढला. भावाला मेसेज टाकला: 'तुझ्या फोनवर एक कोड येईल, तो पाठव.' फोनवर बोलावं लागू नये म्हणून. भावाचं उत्तर आलं, 'आधी फोन कर. हल्ली कोणाच्याही नावाने मेसेज येतात.' भावाचं बरोबरच होतं. कोडच्या मेसेजमध्येही लिहिलेलं असतं की हा कोणालाही सांगू नका. या गडबडीत पहिल्या कोडची मुदत संपली, कारण तो काही मिनिटांपुरताच असतो. दुसऱ्या वेळी दोघांना एकाच वेळी फोनवर असावं लागलं, एकाने आकडे वाचायचे आणि दुसऱ्याने टाकायचे. भावाने ते अपेक्षित वाक्य ऐकवलं का, असं मी विचारलं. "ऐकवलं ना," तो म्हणाला. "मग विचारलं, घरखर्चाचं कसं चाललंय."

खात्यात काय होतं? जाहिराती, दोन नकार, आणि एक मुलाखतीचं बोलावणं, तारीख उलटून गेलेलं. म्हणजे त्याची भीती सपशेल खोटी नव्हती, आणि मी त्याला तसं कधी म्हटलंही नव्हतं. त्या कंपनीला त्याने त्याच दिवशी लिहिलं. जागा भरली, असं उत्तर आलं. वाईट वाटलं त्याला. पण एव्हाना एचआरच्या त्या बाईंकडे त्याच्या दोन फेऱ्या नव्या ईमेलवरून ठरलेल्या होत्या.

खातं उघडल्यावर लगेच करायच्या गोष्टी त्याने त्याच संध्याकाळी केल्या. रिकव्हरीसाठी स्वतःचा नंबर टाकला, चालू असलेला पर्यायी ईमेल दिला, ॲप नव्या फोनवर जोडलं. फोन हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोड कागदावर उतरवून कागदपत्रांच्या फाइलीत ठेवले. गुगल असे १० कोड एका वेळी देतं आणि प्रत्येक एकदाच चालतो. ते फोनमध्येच साठवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण फोन गेला की तेही जातात. फोन विकायचा असेल तर आधी नव्या फोनवर सगळी खाती उघडून बघायची, जुना नंतर पुसायचा.

नोकरी अजून लागलेली नाही, दुसऱ्या फेरीचा निकाल यायचाय. आमच्या बैठकांत खात्याचा विषय आता निघत नाही. 'मधल्या काळात काय करत होता?' या मुलाखतीतल्या प्रश्नाला दिलगिरी व्यक्त न करता काय उत्तर द्यायचं, यावर सध्या काम चाललंय.