तबला विशारद आहे, न्यू जर्सीला शिकवायला जाऊ का?

प्रश्न असा आहे: वय २४, राहणार नाशिक, तबला विशारद. न्यू जर्सीतल्या एका क्लासकडून बोलावणं आलंय. नुसत्या शिकवण्यावर घर चालेल का, आणि सोबत काय न्यावं?

घराचं नंतर बघू. तुला पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, चढवता येते का?

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी पंचवटीतला. २०११ साली न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो, चार वर्षं काढली, आता गंगापूर रोडला क्लास घेतो. निघालो तेव्हा कायदे, रेले, गती भरपूर पाठ होत्या. पण पुडी फाटली की तबला तबलेवाल्याकडे टाकायचा आणि दोन दिवसांनी घेऊन यायचा, दुरुस्तीतलं मला इतकंच कळायचं.

सूर लावायची हातोडी तर मुंबई विमानतळावरच गेली, कारण ती मी खांद्यावरच्या पिशवीत ठेवली होती. (ती मोठ्या बॅगेत टाक. सोबत काय न्यावं, त्यातलं हे पहिलं.) तिकडे जाऊन सुताराची हातोडी आणली आणि पहिल्याच फटक्यात गजऱ्याला, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीला, घाव घातला.

मग जानेवारी आला. क्लास एका घराच्या तळघरात, हीटर दिवसरात्र चालू. हवा इतकी कोरडी की ओठ फुटायचे, मग कातड्याचं काय होणार? काळी एक या सुरातला तबला रोज सकाळी सुरापेक्षा वर चढलेला असायचा आणि मी गजरा खालून ठोकून ठोकून उतरवायचो. एका रात्री झोपेत टक् असा आवाज ऐकला. सकाळी बघतो तर चाटेपासून (पुडीची कड) मैदानापर्यंत (कड आणि शाईच्या मधला भाग) भेग. आठ दिवसांवर एका गायकाची साथ होती. नवी पुडी होती बॅगेत, पण चढवणार कोण?

थोरल्या गुरुबंधूंना फोन लावला. माझ्याकडे रात्रीचे नऊ, नाशकात सकाळचे साडेसात. म्हणाले, "हे आपलं काम नाही. आपण वाजवणारे."

हेच वाक्य मी चौदाव्या वर्षी ऐकलं होतं. तबलेवाल्याच्या दुकानात वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी, कशी ओवतात ते बघत बसलो होतो, तर गुरुबंधूंनी दंडाला धरून उठवलं होतं. तबलेवाल्याच्या देखत.

शेवटी त्या तबलेवाल्यालाच फोन केला. तो म्हणाला, "आधी जुन्या ओवणीचा फोटो काढा, मग सोडा." मी तर सगळी सोडून बसलो होतो. तो पोटभर हसला. पुढच्या तीन रात्री त्याचा आवाज स्पीकरवर, आणि मी गजऱ्याची सोळा घरं आणि खालचं कडं यांतून वादी ओवतोय, पक्कडीने ओढतोय, तळहात सोलून घेतोय. दुसऱ्या रात्री एक घर सुटलं, तिथे सूर बसेचना, सगळं पुन्हा उसवलं. चौथ्या सकाळी चाटेवर 'ना' वाजला. तबला पांढरी एकच्या, म्हणजे काळी एकच्या लगतच्या खालच्या सुराच्या, वर जाईना, तर गायकबुवांनी मोठ्या मनाने अर्धा स्वर खाली षड्ज धरला.

त्यानंतर लोक आपले तबले माझ्याकडे आणू लागले. पैसे घेतले नाहीत, व्हिसावर घेता येतही नव्हते. पण पहिल्या क्लासवाल्याने अर्ध्या तासाच्या २५ डॉलर फीमधले माझे १५ सुद्धा वेळेवर देणं बंद केलं, तेव्हा ज्यांनी माझ्यासाठी व्हिसाचा नवा अर्ज भरला ते याच ओळखीतले होते.

आपल्याकडे वाजवणारा वरचा आणि वादी ओढणारा खालचा. याला मी माज म्हणतो, गुरुबंधूंच्या तोंडावरही म्हटलंय. ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांचा फोटो आपण क्लासात लावतो, ज्यांचा रामनाम आधार आश्रम आपल्या नाशकातच होता, त्यांच्या मुंबईच्या संगीत विद्यालयात वाद्यं बनवण्या-दुरुस्तीचंही काम चालायचं. त्यांना कमीपणा वाटला नाही. गुरुबंधू यावर म्हणतात, "ते वेगळे दिवस होते." बरं.

हां, घराचं. एकटा असशील तर भागतं. लग्न झालं असेल तर विचार कर. पी-३ (कलाकारांचा) व्हिसा असेल तर ज्याने अर्ज भरला त्याच्याच कामाचे पैसे घेता येतात, एका वेळी फार तर वर्षभराची मुदत मिळते, आणि बायकोला पी-४ वर (कुटुंबीयांचा व्हिसा) नोकरी करता येत नाही. तुझा व्हिसा कुठला ते तू लिहिलेलंच नाहीस, ते आधी वकिलाला विचार. आणि तिकडचे बरेच आईबाप मुलाला कॉलेजच्या अर्जात लिहायला तबला शिकवतात. सगळे नाही, माझी दोन पोरं आजही रियाज करतात.

दोन पुड्या, वादीची दोन वेटोळी आणि पक्कड ने. आणि जायच्या आधी महिनाभर तबलेवाल्याच्या दुकानात बस. फक्त गणपतीच्या तोंडावर जाऊ नकोस, तेव्हा तो मान वर करत नाही.