पिल्लू ओरडलं म्हणून लगेच उचलू नका

वाचकांचे प्रश्न : पाळीव उंदीर

प्रश्न : आमचा नर उंदीर वीस महिन्यांचा आहे. त्याचा जोडीदार महिन्यापूर्वी गेला, म्हणून सात आठवड्यांची दोन नर पिल्लं आणली. पिंजऱ्याला पिंजरा लावून ओळख करून द्यायला गेलो, तर म्हाताऱ्याने जाळीतूनच एका पिल्लाचं बोट चावलं. दोन पिल्लं त्याला झेपणार नाहीत असं वाटतं. एक परत द्यावं का?

उत्तर : मुळीच नको. एकटं पिल्लू आणलं असतं तर त्याच्या धिंगाण्याला म्हातारा हाच एक गिऱ्हाईक उरला असता. दोघं असली की दिवसभराची कुस्ती आपापसात उरकतात आणि झोपायला त्याच्या कुशीत येतात. वीस महिन्यांच्या उंदराला हवं असतं ते हेच. जाळीचा प्रयोग मात्र बंद करा. जाळीआड समोरच्याला नीट हुंगता येत नाही, माघारही घेता येत नाही आणि बोटं, नाक, शेपटी आयतीच दातांत सापडतात. पुढे पिंजरे एका खोलीत आणाल तेव्हाही त्यांच्यात निदान वीतभर अंतर ठेवा.

पिल्लं नवीन असतील तर दोन ते तीन आठवडे त्यांना दुसऱ्याच खोलीत ठेवा. आधी म्हाताऱ्याचं खाणं, साफसफाई, मग पिल्लांचं. उलट क्रमाने करायचं झालं तर कपडे बदलून, हात धुऊन. उंदरांचे श्वसनाचे आजार हवेतून पसरतात आणि वयस्क फुप्फुसांना ते फार महागात पडतात. नव्या जागेत दोन-चार दिवस शिंका येणं समजू शकतं. छाती कानाला लावल्यावर घरघर ऐकू येत असेल किंवा श्वास घेताना कुशी आत ओढल्या जात असतील, तर आधी पशुवैद्य, ओळखपाळख नंतर. हा काळ वाया जात नाही. पिल्लं आठ आठवड्यांपुढची आणि अंगाने थोडी भरलेली हवीतच, दीडशे ग्रॅमच्या आसपास. मात्र उगाच लांबवूही नका. पिल्लांच्या अंगाला वयात आलेल्या नराचा वास येऊ लागला की म्हाताऱ्याच्या लेखी ती लेकरं राहत नाहीत, प्रतिस्पर्धी होतात.

पहिली भेट म्हाताऱ्याने कधी पाय ठेवला नाही अशा जागी घडवा. कोरडा बाथटब उत्तम, तळाशी टॉवेल अंथरलेला, नाहीतर पाय घसरून सगळेच बिथरतात. आत लपायला घर नको, खाऊही नको, कारण घर आणि खाऊ म्हणजे भांडायला निमित्त. हाताला जाड हातमोजा घाला आणि शेजारी दुसरा टॉवेल ठेवा. जुंपलीच तर उघडा हात मध्ये घालायचा नाही, दोघांवर टॉवेल टाकायचा. चावरा उंदीर त्या क्षणी मालक ओळखत नाही. पंधरा-वीस मिनिटं पुरे.

आता या वीस मिनिटांत काय पाहायचं? म्हातारा पिल्लाला उताणं पाडेल, वर पाय देऊन दाबून धरेल, जोराजोराने त्याचं अंग चाटेल. पिल्लू असं किंचाळेल की तुमच्या पोटात गोळा येईल. हात मागेच ठेवा. ते ओरडणं म्हणजे ‘तू मोठा, मान्य’ एवढंच, आणि ते पूर्ण होऊ दिलं नाही तर उद्या पुन्हा पहिल्यापासून. समोरासमोर उभं राहून पंजांनी ढकलाढकलीही चालते. काळजी करायची त्या खुणा वेगळ्या : अंगभर केस फुलवून पाठीची कमान करून आडवं आडवं सरकणं, फिसकारणं, शेपटी वळवळवणं. पाच-दहा मिनिटांत केस बसले तर ठीक, तसेच राहिले तर त्या दिवसापुरतं थांबा.

चावा कुठे बसतो त्यावरूनही कळतं. खेळातला उंदीर समोरच्याच्या मानेमागे नाक खुपसायला जातो, खरा हल्ला कमरेवर आणि कुशीवर होतो. म्हणून नंतर प्रत्येकाच्या कमरेवरचे, शेपटीच्या मुळापाशी असलेले केस बाजूला सारून कातडी तपासा. दातांची बारीक भोकं वरून भरतात आणि काही दिवसांनी आत पू धरतो. डोळ्यांच्या कडांना आणि नाकाशी लाल दिसलं तर मात्र घाबरू नका. बहुधा ते रक्त नसतं, तणावात स्रवणारं पोर्फिरिन नावाचं लाल द्रव्य असतं आणि ओल्या कापसाने पुसलं जातं. रोज दिसू लागलं तर आजाराची शंका घ्या.

दोन-तीन भेटी शांत गेल्या की तिघांना एकाच लहान प्रवासी पेटीत ठेवा. तिघं मावतील, पण कुणाला कोपरा अडवून बसता येणार नाही एवढीच ती हवी. आत नुसतं अंथरूण आणि पाणी. काही तासांनी तिघं एका ढिगात झोपलेले दिसले की मोठ्या पेटीत, मग पिंजऱ्यात. ढीग दिसल्याशिवाय जागा वाढवायची नाही.

प्रश्न : बाहेर गुण्यागोविंदाने राहतात, पण पिंजऱ्यात सोडलं की म्हातारा तुटून पडतो.

उत्तर : त्याच्या दृष्टीने त्याच्या घरात पाहुणे घुसले. पिंजरा धुऊन त्याचा वास घालवा आणि आतली मांडणी पूर्ण बदला. एकाच दाराची घरं काढून टाका, कोंडीत सापडलेलं पिल्लू हमखास चावा खातं. दोन्हीकडून उघडी नळी किंवा झोळी चालेल. पाण्याच्या बाटल्या दोन, त्याही दोन टोकांना, आणि खाणं वाटीत न देता सगळीकडे विखरून. आधी पिल्लांना आत सोडा, अर्ध्या तासाने त्याला. गजांमधलं अंतर बारा मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर पिल्लं रात्री त्यातून बाहेर निसटतील. एवढं करूनही रक्त काढत असेल तर नसबंदीबद्दल पशुवैद्यांशी बोला. वय आणि फुप्फुसं पाहून भूल झेपेल का ते तेच सांगतील. शस्त्रक्रियेनंतरही स्वभाव निवळायला काही आठवडे जातात.

प्रश्न : आमच्याकडे मादी आहे. आणलेल्या दोन्ही पिल्लू माद्याच आहेत ना, हे कसं कळणार?

उत्तर : पाच आठवड्यांच्या नराचे वृषण शेपटीखाली स्पष्ट दिसतात, पण घाबरला किंवा गारठला की तो ते आत ओढून घेतो आणि तिथेच फसगत होते. ऊब मिळाल्यावर पुन्हा पाहा. मादीच्या पोटावर स्तनाग्रांच्या दोन रांगा असतात, मिळून बारा. शंका राहिली तर वेगळं ठेवा. पाचव्या-सहाव्या आठवड्यातही गर्भ राहू शकतो, बावीस दिवसांत पिल्लं होतात आणि त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते.

प्रश्न : आमचा म्हातारा मागचे पाय ओढत चालतो. अशात सोबत आणावी का?

उत्तर : खात-पीत असेल आणि श्वास स्वच्छ असेल तर आणा. पिल्लं चढू शकतील पण तो चढणार नाही असा वरचा मजला त्यांना द्या, खालचा त्याला : मऊ अंथरूण, बुटकी वाटी, तोंडाच्या उंचीवर पाणी. रोज तासभर त्याला एकट्याला बाहेर काढा. दर आठवड्याला त्याच दिवशी वजन करा. घट दिसू लागली तर खाणं त्याच्यापर्यंत पोचत नाही किंवा आजार वाढतो आहे. त्याला वेगळं बसवून खाऊ घाला. तरीही वजन भरलं नाही तर पशुवैद्यांकडे न्या.