वाचक विचारतात : गोष्टीचे गेम आणि मुलांचे निर्णय

प्रश्न : बारा-तेरा वर्षांच्या मुलांना गोष्टीप्रधान व्हिडिओ गेममधून प्रामाणिकपणा, दुसऱ्याची कदर शिकवू पाहतो. पण मुलं 'चांगला' पर्याय झटकन ओळखतात, दाबतात आणि पुढे जातात. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा गेमची निवड. चांगल्या वागण्याला गुण मिळत असतील, तर मुलं गुण कुठे आहेत एवढंच शोधणार. दोन्हीकडे काहीतरी गमवावं लागेल असा प्रसंग हवा.

'अंडरटेल' (२०१५) पाहा. त्यात कोणालाही न मारता शेवट गाठता येतो. सुरुवातीला मायेनं सांभाळणारी टोरिएलच नंतर वाट अडवते. तिला सोडून द्यायचा पर्याय निवडला, तरी बराच वेळ ती हल्ला करतच राहते. दया उपयोगाची नाही असं वाटून मुलं लढतात आणि ती मरते. मग हळहळून जुना सेव्ह (आधी साठवलेला खेळ) उघडतात, तिला वाचवतात. पुढे फ्लाउई नावाचं पात्र सुनावतं, की आधी काय केलंस ते मला ठाऊक आहे. गेम इथेच थांबवा. केलेलं पुसलं म्हणून ते घडलंच नाही का, यावर मुलं तावातावानं बोलतात.

पर्याय पडद्यावर आला की कंट्रोलर खाली. प्रत्येकानं निवड आणि एका ओळीत कारण कागदावर लिहायचं, न बोलता. आधी तोंडी विचारलंत तर पहिल्या बोलणाऱ्यामागे सगळे जातात. मग 'बरोबर काय?' असं विचारू नका. 'याची झळ कोणाला बसेल?' असं विचारा. वीस मिनिटं खेळ, निदान तितकीच चर्चा. आणि गेम आधी स्वतः पूर्ण खेळा. वयोगटाचं चिन्ह बघाच, पण तेवढ्यावर विसंबू नका. अनेक गेम आपोआप सेव्ह करताना जुना सेव्ह पुसतात, मग दुसरी वाट दाखवता येत नाही. त्याचीही खात्री तेव्हाच करा.

प्रश्न : मुलांना स्वतः असा गेम बनवता येईल?

उत्तर : जरूर, आणि आमच्या मते खरं शिकणं तिथेच आहे, दुसऱ्या पात्राची बाजू लिहावीच लागते. 'ट्वाइन' हे पर्यायांच्या गोष्टी बनवायचं साधन मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं. दुहेरी चौकटी कंसात शब्द लिहिला की त्या नावाचा नवा परिच्छेद जोडला जातो. आठ-दहा परिच्छेद आणि एकच मोठा निर्णय पुरे. वाटा जास्त फोडल्या की गोष्ट अर्धवट राहते. परिणाम लगेच दाखवू नका, दोन परिच्छेदांनंतर येऊ द्या. काम ब्राउझरमध्येच साठतं, त्याचा डेटा साफ केला की गोष्ट जाते. म्हणून रोज काम संपवून उठताना फाइल उतरवून ठेवा.