वडिलांचे आजारपण आणि शिडाची बोट

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. फोंड्याच्या घरात पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेले वडील आणि जानेवारीत ओमानमधल्या सलाला बंदरापर्यंत शिडाच्या बोटीवर सोबत चल म्हणणारा नवरा, या दोघांना कसे सांभाळावे, असे तू विचारले आहेस.

साधारण शिडाची बोट ताशी पाच-सहा सागरी मैल कापते. गोव्याहून मुंबई गाठायला तिला सुमारे दोन दिवस आणि सलाला गाठायला आठ-दहा दिवस लागतात. याउलट मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून जावई कितीही जीव लावणारा असला, तरी अडीअडचणीला तो येईल असे कधीही धरून चालू नकोस. १०८ ला फोन करणारे आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) सोबत थांबणारे माणूस जमिनीवरचेच हवे. शेजारच्या काकू ‘कधीही हाक मार’ म्हणतात ते मनापासूनच. पण रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार, हे ज्याचे त्याला विचारून पक्के करून ठेव.

पावसाळ्याचा हिशेब मात्र तुझ्या बाजूचा आहे. जून ते सप्टेंबर मांडवीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटत असताना अशी बोट बाहेर काढणे धोक्याचे असते. ती नदीत आत नांगरलेली किंवा काठावर चढवलेली बरी. ते चार महिने वडिलांची शुश्रूषा पूर्णपणे नवऱ्याकडे सोपव, नुसता मदतीचा हात नको. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर बदलताना त्यांना कुशीवर वळवून निम्मी चादर पाठीमागे गुंडाळून सरकवायची, भरवताना ताठ बसवायचे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही, हे त्याला एकदा दाखव आणि खोलीबाहेर जा. रात्रीच्या पाळीत सुकाणू धरणाऱ्याला दोन तासांनी उठणे काही नवे नाही. जावयाकडून सेवा करून घेताना वडील संकोचतील, तेव्हा सुरुवात दाढी करून देण्यापासून होऊ दे. तू त्या काळात चार दिवस बाहेरगावी जा, आणि नातेवाइकांनी नाके मुरडली तर मुरडू देत.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. गोव्याच्या कायद्याने तुमची मालमत्ता सामाईक असेल, तर स्थावराच्या व्यवहाराला दोघांच्याही सह्या लागतात. तेव्हा तो निघण्याआधी मुखत्यारपत्र करून घे. शिवाय दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून भारतात सॅटेलाइट फोन बाळगता येत नाही, त्यामुळे बोट मोबाइलच्या टप्प्याबाहेर गेली की फोन लागणार नाही. त्याला निष्काळजीपणा समजून रुसू नकोस. पुढचा फोन कोणत्या बंदरातून येईल, तेवढे लिहून घे.

सलालाला या खेपेस जाऊ नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे. वडिलांचा आजार अजून ताजा आहे आणि भर समुद्रातून तुला उतरता येणार नाही. त्याऐवजी डिसेंबरात किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण, रत्नागिरीपर्यंत त्याच्यासोबत जा, तिथून एस.टी.ने एका दिवसात घरी पोहोचता येते. तेवढा आठवडा पुण्याच्या भावाने येऊन राहायचे आहे. त्याला तारीख आजच विचार, कारण नाताळाच्या सुमारास गोव्याकडे येणाऱ्या गाड्या लवकर भरतात.

कळावे, लोभ आहेच.

तुझ्या बाई