पोरांच्या संघाला किती वेळ द्यायचा?

सप्टेंबर २०२५

प्रिय भाच्या,

तुझं मँचेस्टर युनायटेड ग्रिम्सबीकडून हरल्यावर पहाटे तू पाठवलेला मेसेज वाचला. "सगळे म्हणतात पोरांना वेळ द्या. मामा, किती वेळ द्यायचा?" प्रश्न रास्त आहे. समोर चौथ्या श्रेणीतला संघ, निर्धारित वेळेत २-२, मग पेनल्टीत १२-११ अशी हार, आणि शेवटची पेनल्टी क्रॉसबारवर मारणारा कोण, तर याच उन्हाळ्यात मोठी रक्कम मोजून आणलेला एम्बेउमो. त्यात ग्रिम्सबीचा दुसरा गोल करणारा टायरेल वॉरेन हा युनायटेडच्याच अकादमीतून बाहेर पडलेला मुलगा. जखमेवर मीठ चोळायला आणखी काही शिल्लक राहिलं नव्हतं.

मी आर्सेनलवाला. ऑगस्टमध्ये तुमच्याच मैदानावर कॅलाफिओरीने गोल केला तेव्हा तुला कोणती चित्रं पाठवली होती ते तू विसरला नसशील. तरी या विषयात मला चार गोष्टी कळतात, कारण 'तरुण संघ उभा करतोय' हे वाक्य माझ्या क्लबने मला दोनदा ऐकवलंय. एकदा त्यातून काही निघालं नाही. दुसऱ्यांदा निघालं. तेव्हा 'धीर धर' एवढं सांगून मी पत्र संपवणार नाही. धीर कशाच्या जोरावर धरायचा हे जो सांगत नाही, त्याचा सल्ला ऐकूच नकोस.

पहिली खेप आमचे तेव्हाचे प्रशिक्षक वेंगरसाहेबांची. २००६ मध्ये क्लब एमिरेट्स स्टेडियमवर गेला, डोक्यावर कर्ज होतं, मोठी नावं विकत घेणं परवडत नव्हतं. मग पोरं घडवायची ठरलं. फॅब्रेगास, क्लिशी, वॉलकॉट, पुढे विल्शर. खेळ असा देखणा की हरल्यावरही राग यायचा नाही, आणि तीच मोठी अडचण होती. २००७-०८ मध्ये आम्ही बराच काळ आघाडीवर होतो, शेवटी तिसरे आलो. २०११ च्या फेब्रुवारीत लीग कपच्या अंतिम सामन्यात बर्मिंगहॅमविरुद्ध १-१ असताना शेवटच्या मिनिटांत एक साधा चेंडू आमच्या गोलसमोर आला. गोलरक्षक श्टेन्स्नी वीस वर्षांचा, बचावपटू कोसिएल्नी क्लबमध्ये नवा. दोघांनाही वाटलं दुसरा घेईल. चेंडू सुटला आणि बर्मिंगहॅमच्या मार्टिन्सने रिकाम्या जाळ्यात ढकलला. त्या क्षणी मागून 'माझा!' असं दोघांच्याही वर ओरडणारा एक जाणता माणूस हवा होता. तो नव्हता.

त्याच उन्हाळ्यात क्लिशी आणि नसरी मँचेस्टर सिटीला गेले, फॅब्रेगास बार्सिलोनाला. २८ ऑगस्टला ओल्ड ट्रॅफर्डवर तुम्ही आम्हाला ८-२ ने धुतलं. पुढच्या वर्षी आमचा फान पर्सी थेट तुमच्याकडेच आला आणि तुम्हाला विजेतेपद मिळवून देऊन मोकळा झाला. पोरगा बावीस-तेवीसचा होईपर्यंत आम्ही चुका सहन करायच्या, आणि तो पंचवीस-सव्विसाव्या वर्षी पिकला की फळ दुसऱ्याने खायचं, असा तो सगळा व्यवहार होता. त्याला पुनर्बांधणी म्हणायचं आमच्या जिवावर आलं, पण क्लब म्हणत राहिला.

८-२ नंतर तीनच दिवसांत, खरेदीची मुदत संपता संपता, आर्सेनलने एव्हर्टनकडून एक २९ वर्षांचा मिडफिल्डर घाईघाईने आणला. पोरांच्या मध्ये उभं राहायला कुणीतरी जाणता हवा म्हणून. त्याचं नाव मिकेल आर्टेटा. डिसेंबर २०१९ मध्ये तोच प्रशिक्षक म्हणून परत आला.

दुसरी खेप त्याची. तीही सुरुवातीला काही गोड नव्हती. लागोपाठ दोन हंगाम आठवा क्रमांक. मग २०२१ च्या उन्हाळ्यात सहा खेळाडू आणले: व्हाइट, रॅम्सडेल, ओडेगार्ड, तोमियासू, लोकोंगा, तावारेस. एकही तेविशीच्या पुढचा नाही. हंगामाचे पहिले तीन सामने हरलो. गोल केले शून्य, खाल्ले नऊ. तिसऱ्या सामन्यात सिटीने ५-० ने हरवलं तेव्हा आम्ही तक्त्याच्या अगदी तळाला होतो. ग्रिम्सबी परवडलं, असं म्हणायची तेव्हा आमची पाळी होती.

मग आशा कुठून आली? गुणतक्त्यातून तर नाहीच. सप्टेंबरच्या शेवटी आमच्या जुन्या वैऱ्यांशी, टॉटनहॅमशी सामना झाला. पहिल्या बारा मिनिटांत साकाने उजवीकडून चेंडू आत दिला आणि स्मिथ रोने गोल केला. थोड्या वेळाने साकानेही स्वतः एक मारला. दोघेही आमच्या हेल एंड अकादमीतले. पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. चेंडू गेला की तो परत मिळवायला सगळे एकाच वेळी धावत होते. एक जण पुढे गेला आणि दुसरा मागे बघत उभा राहिला, असं होत नव्हतं. अशा गोष्टी गोलांच्या तीन मिनिटांच्या क्लिपमध्ये दिसत नाहीत. तू हल्ली सामने त्या क्लिपांवरच भागवतोस असं ताई म्हणत होती. तसं करू नकोस. पूर्ण सामना बघ, आणि त्यात एखादाच पोरगा धरून बघ. त्याच्याकडे चेंडू यायच्या आधी तो मान वळवून मागे बघतो का? चूक झाली की पुढची पाच मिनिटं चेंडू मागतो, की तोंड लपवून कडेला सरकतो? आणि चुकल्यावर त्याच्यापाशी कोण जातं? संघ घडतोय की नाही ते तक्त्याच्या आधी तिथे कळतं.

चुकल्यावर पोरापाशी जाणारा माणूस, याच्यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. आमच्याकडे तो ग्रानिट झाका निघाला. २०१९ मध्ये स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती, त्याने चिडून शर्ट काढला आणि कर्णधारपद गमावलं. तो जाणारच होता, आर्टेटाने थांबवून घेतलं. २०२२-२३ मध्ये आम्ही ८४ गुण घेऊन दुसरे आलो, तेव्हा पोरांच्या त्या संघाचा कणा तो होता. त्याच वर्षी सिटीकडून जेझुस आणि झिंचेंको आणले होते, जिंकायची सवय असलेले म्हणून. आणि मग २०२३ मध्ये साका, मार्टिनेली, सलिबा यांचे करार वाढवले. वेंगरसाहेबांच्या काळात नेमकं हेच जमलं नव्हतं.

तुमच्या इतिहासातलं एक उदाहरण लोक सारखं तोंडावर मारतात. १९९५ च्या ऑगस्टमध्ये युनायटेड ॲस्टन व्हिलाकडे ३-१ ने हरलं आणि टीव्हीवर ॲलन हॅन्सन म्हणाला की पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही. त्या हंगामात युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, आणि गेली तीस वर्षं लोक हॅन्सनला हसतायत. मला विचारशील तर तो अर्धा बरोबर होता. बेकहॅम, स्कोल्स, बट, नेव्हिल बंधू ही पोरं होती खरी. पण मागे श्मायकेल, पॅलिस्टर, आयर्विन होते, मध्ये कीन होता, आणि बंदी संपवून ऑक्टोबरात कॅन्टोना परतला. लिव्हरपूलविरुद्ध कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल कॅन्टोनाचाच. नुसती पोरं असती तर हॅन्सनच खरा ठरला असता.

नुसत्या पोरांचा संघ आपल्या देशातही करून बघितलाय. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळलेल्या मुलांना भारतीय फुटबॉल महासंघाने 'इंडियन ॲरोज' म्हणून आय-लीगमध्ये उतरवलं. गोव्यातल्या पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीला ३-० ने हरवलं, त्यातले दोन गोल आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. इथे काय आनंद झाला होता! हंगाम संपला तेव्हा ॲरोज शेवटच्या क्रमांकावर होते. तळाला राहूनही खालच्या श्रेणीत जाण्याची त्यांना भीती नव्हती, म्हणून ते चालून गेलं. त्यातून जीक्सन, सुरेश असे खेळाडू देशाला मिळाले, त्यामुळे वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण ती शाळा होती, संघ नव्हे. शाळा आणि संघ यातला फरक तुझ्या क्लबच्या मालकांना कळतो का, ते तू बघायचंस.

आता तुझ्या युनायटेडकडे येतो. गेल्या हंगामात ४२ गुण, पंधरावा क्रमांक, वर युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून हार. ते सगळं पचवता येईल. मला जास्त खटकतं ते वेगळंच. मे २०२४ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात सिटीला तुम्ही २-१ ने हरवलंत. दोन्ही गोल एकोणीस वर्षांच्या पोरांचे, गार्नाचो आणि कोबी मेनू. मेनूचा गोल पुन्हा बघ. रॅशफर्डने मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला चेंडू फेकला, गार्नाचोने आत दिला, ब्रुनोने न बघता एका स्पर्शात सरकवला आणि मेनूने शांतपणे जाळ्यात लोटला. त्या चार जणांपैकी रॅशफर्ड आज बार्सिलोनात आहे, गार्नाचो चेल्सीत, आणि मेनूने या उन्हाळ्यात उसनवारीवर दुसऱ्या क्लबकडे पाठवा म्हणून विचारलं. कुणाचं वागणं चुकलं, कुणाचं प्रशिक्षकाशी पटलं नाही, ते सगळं असेल. गार्नाचोबद्दल मला फारशी माया नाही. पण १९३७ पासून प्रत्येक सामन्याच्या चमूत अकादमीचा एक तरी खेळाडू ठेवणाऱ्या क्लबने दीड वर्षात इतकं विसकटावं, हे मला ग्रिम्सबीच्या निकालापेक्षा वाईट लक्षण वाटतं. फर्ग्युसन गेल्यापासून तुमच्याकडे प्रशिक्षक किती झाले ते मोजून बघ. आणि प्रत्येकाने आपल्या पसंतीचा संघ पहिल्यापासून मांडायला घेतला.

जमेच्या बाजूला काय? पोरांमध्ये यॉरो आहे, सेस्को आहे, डोर्गू आहे, आमच्याकडून तुम्ही उचललेला एडन हेवन आहे. एम्बेउमो आणि कुन्या सव्वीस वर्षांचे, प्रीमियर लीग कोळून प्यायलेले आहेत, म्हणजे पोरांशेजारी माणसं ठेवायची अक्कल कुणाला तरी आली आहे. तू विचारलंस किती वेळ. माझं उत्तर असं: जोवर तीच पोरं तिथेच दिसतायत तोवर दे. दोन उन्हाळे बघ. यॉरो, सेस्को, मेनू २०२७ मध्ये तुमच्याकडेच असतील तर पाचव्या-सहाव्या क्रमांकाची खंत करू नकोस. त्यातले दोघे विकलेले असतील आणि त्यांच्या जागी नवी विशीतली पोरं आणून पुन्हा 'वेळ द्या' म्हणत असतील, तर खुशाल शिव्या घाल. मालकांना.

पोरांना मात्र नाही. काल तू कुणाच्या तरी फोटोखाली काय लिहिलंस ते माझ्यापर्यंत पोचलं. २०२१ च्या युरोच्या अंतिम सामन्यात इंग्लंडकडून खेळणाऱ्या साकाची पेनल्टी अडवली गेली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या रंगावरून लोकांनी जे लिहिलं ते तुला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात तो टॉटनहॅमच्या मैदानावर उतरला, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून त्याचं स्वागत केलं. टॉटनहॅमच्या! त्यांच्याबद्दल मी आयुष्यात चांगलं बोललेलो नाही, पण त्या दिवसाचं श्रेय त्यांना देतो.

आणि सगळीच पोरं टिकत नाहीत, हेही धरून चाल. त्या टॉटनहॅमच्या सामन्यातला दुसरा, स्मिथ रो, त्या हंगामात लीगमध्ये दहा गोल करून गेला. मग दुखापती सुरू झाल्या, संघ पुढे निघून गेला आणि २०२४ मध्ये त्याला फुलहॅमला विकलं. निर्णय योग्यच होता. माझ्या कपाटातल्या शर्टावर अजून त्याचंच नाव आहे.

तू लगेच म्हणशील, एवढं करून तुम्ही जिंकलात काय? तीन वर्षं लागोपाठ दुसरे. बरोबर. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तुला ते उगाळायचा पूर्ण हक्क आहे.

चौदा तारखेला रविवारी रात्री नऊ वाजता सिटीशी तुमची डर्बी आहे. यॉरो खेळला तर नव्वद मिनिटं फक्त त्याला बघ. सिटीच्या हालांडच्या कुठल्या बाजूला उभा राहतो, मागची रेषा वर ओढताना आवाज कुणाचा चालतो, त्याचा की शेजाऱ्याचा, एवढं मला लिहून पाठव. स्कोअर कळवायची गरज नाही, तो माझ्याकडे तुझ्याआधी येईल.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा