होम लोनचे दोन-तीन पर्याय एक्सेलमध्ये शेजारी शेजारी कसे बघायचे?

प्रत्येक पर्यायाला वेगळी शीट नका करू, नंतर कुठे काय बदललं तेच कळत नाही. रक्कम, दर, वर्षं एकेका सेलमध्ये ठेवा, हप्ता पीएमटी फॉर्म्युल्याने काढा (दर भागिले 12, वर्षं गुणिले 12, हे विसरलात की हप्ता भलताच येतो), मग डेटा टॅबमध्ये व्हॉट-इफ ॲनालिसिस, त्यात सिनॅरिओ मॅनेजर, प्रत्येक पर्याय नाव देऊन ॲड करा आणि समरी दाबा, झालं. 40 लाख, साडेआठ टक्के धरलं तर 20 वर्षांना हप्ता साधारण 34,700, 15 ला 39,400, पण एकूण व्याजात फरक बारा लाखांच्या वर! फक्त ती समरी आपोआप अपडेट होत नाही हां, आकडा बदलला की परत काढायची. नुसता दर बदलून बघायचा असेल तर मला डेटा टेबलच (त्याच व्हॉट-इफ ॲनालिसिसमध्ये असतं, वेगवेगळ्या दरांचे हप्ते एका तक्त्यात दाखवतं) बरं वाटतं.